सापडलेली रोकड: मालक शोधावा, पोलिसांत द्यावी की दानपेटीत टाकावी?

मखमलाबादकर यांचा प्रश्न

नमस्कार. नाशिकमधील दिंडोरी रोडवरील बाजार समितीच्या आवाराबाहेर, जिथे संध्याकाळी भाजीच्या पिकअप गाड्या लागतात, तिथे माझ्या यजमानांना परवा एक कापडी पिशवी सापडली. तिच्यात रबर लावलेले नोटांचे पुडके, तंबाखूची चंची आणि एका आडत्याच्या गाळ्याची छापील हिशोबपट्टी आहे. रक्कम पाच आकडी आहे. नेमका आकडा आणि नोटा कोणत्या आहेत, हे मुद्दामच लिहीत नाही. कोथिंबिरीच्या जुड्या किती, भाव काय लागला आणि हमाली वजा जाता हाती किती आले, हे पट्टीवर स्वच्छ वाचता येते. शेतकऱ्याचे मात्र पहिलेच नाव लिहिलेले आहे आणि गावाचे नाव ओलीने पुसले गेले आहे.

घरात तीन मते पडली आहेत. सासूबाई म्हणतात की सापडलेला पैसा घरात ठेवू नये, काळारामाच्या दानपेटीत टाकावा, म्हणजे दोष लागत नाही. धाकट्या दिरांचे म्हणणे असे की पोलिसांत दिलेला पैसा सरकारजमाच होणार, त्यापेक्षा महिनाभर वाट पाहावी आणि कोणी आले नाही तर घरात वापरावा. यजमानांना मालक शोधायचा आहे, परंतु उद्या त्यानेच “पिशवीत याहून जास्त होते” असा आळ घेतला तर काय, ही धास्ती त्यांना वाटते. कायदा काय सांगतो आणि व्यवहारात कोणता मार्ग बरा, हे जाणकारांनी सांगावे.

कोर्टाच्या पायरीवरचा

ताई, आकडा लिहिला नाहीत, हे उत्तम केलेत. कायद्याचे आधी सांगतो.

रस्त्यावर पडलेली वस्तू उचलणे हा गुन्हा नाही, आणि मालकाला परत देण्याच्या हेतूने ती जपून ठेवणे हाही नाही. मालक माहीत असताना, किंवा त्याला शोधण्याचे वाजवी प्रयत्न न करता आणि वाजवी काळ न थांबता ती आपलीशी केली, की गुन्हा घडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४ यासाठी आहे. शिक्षा किमान सहा महिने ते कमाल दोन वर्षे कैद आणि दंड. पूर्वी १८६० च्या दंड संहितेत हेच कलम ४०३ होते आणि त्यात कैदेची किमान मर्यादा नव्हती, म्हणजे नवा कायदा या बाबतीत कडक झाला आहे.

या कलमाखालची उदाहरणे मोठी बोलकी आहेत. हमरस्त्यावर एक रुपया सापडला, कोणाचा ते ठाऊक नाही आणि उचलणाऱ्याने तो खिशात टाकला, तर गुन्हा नाही. परंतु नोट घातलेले पत्र सापडले आणि पत्ता व मजकूर वाचून ती कोणाची हे कळत असूनही ठेवून घेतली, तर गुन्हा आहे. आपल्याकडची हिशोबपट्टी ही त्या पत्राच्याच जागी आहे. तिच्यावर गाळ्याचे नाव आहे, माल आहे, रक्कम आहे. “मालक सापडण्यासारखा नव्हता” असे आपल्याला प्रामाणिकपणे म्हणताच येणार नाही. त्यामुळे दीरांची महिनाभराची मुदत टिकत नाही. वाजवी काळ किती, हे कायद्याने दिवसांत सांगितलेले नाही, ते त्या त्या परिस्थितीवर ठरते. आणि पट्टी कपाटात ठेवून मोजलेला महिना हा काही शोध नव्हे.

आता सासूबाईंच्या मताकडे वळतो, कारण हे मत घरोघरी ऐकू येते आणि त्याला कोणी आडवे जात नाही. त्यांची श्रद्धा मी समजू शकतो, परंतु हा प्रकार हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा आहे. दान करायला वस्तू आधी आपली असावी लागते. पैसा आपल्या घरात राहिला नाही, एवढ्याने ज्याची कोथिंबीर विकून तो आला त्याचे नुकसान भरून येत नाही. आणि एकदा पेटीत पडलेल्या नोटांतून त्याच्या नोटा कोण वेगळ्या काढणार? घरात ठेवलेला पैसा निदान परत तरी देता येतो. त्या अर्थाने दानपेटीचा मार्ग दिरांच्या मार्गापेक्षाही वाईट, असे माझे स्पष्ट मत आहे.

१८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७१ नुसार, ज्याने दुसऱ्याची वस्तू सापडली म्हणून ताब्यात घेतली, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. म्हणजे स्वतःच्या पैशाची जेवढी काळजी घ्याल, तेवढी या पुडक्याची घ्यावी लागेल.

पेठ रोडवासी

कायदा मान्य आहे, परंतु अनुभव निराळा असतो. मला एकदा पाकीट सापडले. ते द्यायला मी एका पोलीस ठाण्यात गेलो, तर दुपारभर बाकावर बसवून ठेवले आणि “तुम्हालाच कसे सापडले?” हा प्रश्न दोघांनी दोनदा विचारला. असे झाल्यावर पुढच्या वेळी माणूस पाकिटाला पायही लावणार नाही. शिवाय दीर म्हणतात त्यात तथ्य आहे. दावेदार आला नाही तर पैसा शेवटी सरकारकडेच जातो.

कोर्टाच्या पायरीवरचा

जातो, परंतु लगेच नाही. राज्याच्या १९५१ च्या पोलीस अधिनियमात बेवारस मालमत्तेची तरतूद आहे. पोलीस ती ताब्यात घेतात, वर्णनासह उद्घोषणा निघते आणि दावा सांगण्यासाठी सहा महिन्यांची मुदत असते. त्यानंतर ती शासनाच्या स्वाधीन होते. आपल्याला झालेला त्रास खरा आहे, तो नाकारत नाही. त्यावर उपाय एवढाच की दोन पंचांसमोर मोजणी करून घ्यावी, ठाण्याच्या दैनंदिनीतील नोंदीचा क्रमांक मागावा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये. आळ येण्याची यजमानांना जी धास्ती आहे, तिलाही हाच कागद उत्तर देतो.

गाळ्यावरचा दिवाणजी

या प्रकरणात पोलीस ठाण्याच्या आधी गाळ्यावर जावे, असे मी सुचवीन. मी बाजार समितीत एका आडत्याकडे हिशोब लिहितो. आम्ही पट्टी फाडून शेतकऱ्याला देतो, तेव्हा तिची कार्बन प्रत पुस्तकात राहते, आणि मूळ कागद भिजला तरी पुस्तकातला भिजत नाही. पट्टी क्रमांक आणि तारीख पाहिली की कोणत्या गावचा कोण, गाडी कोणाची आणि सोबत आणखी कोणाचा माल होता, हे दोन मिनिटांत कळते. पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडचे शेतकरी बहुधा गावातली एकच गाडी भाड्याने ठरवून येतात, त्यामुळे एकाचा फोन लागला नाही तर गाडीवाल्याचा लागतो.

मात्र पुडके गाळ्यावर ठेवून येऊ नका, आमच्यासारख्यांवर कितीही विश्वास असला तरी. केवळ पट्टी दाखवा, शेतकऱ्याला बोलावून घ्या आणि पैसे त्याच्याच हाती द्या. पट्टीवरची रक्कम आणि पुडक्यातली रक्कम जुळलीच पाहिजे असेही नाही; त्याने वाटेत बियाणे घेतले असेल, गाडीभाडे दिले असेल, किंवा घरून आणलेले पैसे त्यात मिसळले असतील. केवळ आकडा जुळला नाही म्हणून त्याला खोटा ठरवू नये.

निवृत्त वाहक, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक)

ओळख पटवण्याविषयी थोडे लिहितो, कारण नोकरीत हे काम वरचेवर करावे लागले. गाडीत काही सापडले की आम्ही ते वाहतूक नियंत्रकाकडे नोंद करून जमा करत असू, आणि मग खरे दावेदार एक आणि हौशी दावेदार चार, अशी गत होई. आपण कधीही “निळी पिशवी तुमची का?” असे विचारू नये, “काय हरवले ते सांगा” एवढेच म्हणून गप्प राहावे. माणसाला आपल्या रकमेचा आकडा एक वेळ नीट सांगता येत नाही, पण बारकावे तोंडपाठ असतात. एका आजीबाईंना रुमालात किती नोटा होत्या ते सांगता येईना, परंतु गाठीत हळकुंड बांधले आहे, हे त्यांनी न विचारता सांगितले, आणि तेवढ्यावर नियंत्रकांनी रुमाल त्यांच्या हातात ठेवला. तुमच्या पिशवीतली चंची अशीच कामाला येईल. तिचा उल्लेख इथे झाला आहे, तेव्हा ती आहे की नाही हे न विचारता तिचा रंग, शिवण आणि आतला चुन्याचा डबा विचारा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर पिशवीचे छायाचित्र मात्र टाकू नका.

मखमलाबादकर

सर्वांचे आभार. दिवाणजींनी सांगितल्याप्रमाणे यजमान उद्या सकाळी पट्टी घेऊन गाळ्यावर जातील. सासूबाईंना मी हलवायाची म्हण ऐकवली नाही, परंतु शेतकऱ्याचा पैसा आहे म्हटल्यावर त्यांनी आग्रह सोडला. एकच शंका उरते. जाण्यायेण्याचा रिक्षाखर्च त्यातून वळता करून घ्यावा का, आणि शेतकऱ्याने खुशीने काही देऊ केले तर घेणे कायद्यात बसते का?

कोर्टाच्या पायरीवरचा

वस्तू जपण्यासाठी आणि मालक शोधण्यासाठी आपण होऊन केलेल्या खर्चाची व श्रमाची भरपाई मिळेपर्यंत ती ताब्यात ठेवण्याचा हक्क करार कायद्याचे कलम १६८ देते. मात्र त्या भरपाईसाठी मालकावर दावा लावता येत नाही. मालकाने आधीच बक्षीस जाहीर केले असेल तर त्यासाठी दावाही करता येतो, पण इथे तसे काही दिसत नाही. म्हणून पुडक्यातून परस्पर नोट काढू नये. पूर्ण रक्कम मोजून द्यावी आणि खर्च सांगायचाच असेल तर नंतर सांगावा. खुशीने दिलेले घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. देताना दिवाणजींपैकी कोणी आणि आणखी एक जण साक्षीला असावा, नोटांची वर्गवारी, तारीख आणि आधार कार्डावरील पूर्ण नाव लिहून पोच घ्यावी, आणि मूळ पट्टी शेतकऱ्याला देण्यापूर्वी तिची एक छायाप्रत त्या पोचीला जोडून ठेवावी. गाळ्यावरही माणूस सापडला नाही, तर त्याच दिवशी त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात रक्कम जमा करावी.