मदत हवी आहे: विनाअनुदानित कोर्सची फी नेमक्या कोणत्या खर्चावर ठरते?

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, विश्रामबागेत राहतो. पुतणीला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स (एंटायर) हा विनाअनुदानित कोर्स करायचाय. कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. त्याच इमारतीत, त्याच लायब्ररीत साधं बी.एस्सी. शिकणाऱ्यांची फी आणि हिची फी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अनुदानित तुकडीच्या प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, विनाअनुदानित तुकडीचा फीतून निघतो, एवढं कळतं. पण मग इमारत, वीज, लायब्ररी, कारकुनाचा पगार यांतला वाटा कुणाच्या नावावर टाकतात? पावतीवर ट्युशन, लॅब, जिमखाना, डेव्हलपमेंट अशी रांग आहे. शिकवायला बहुतेक तासिका तत्त्वावरची (म्हणजे घेतलेल्या तासांवर पैसे मिळणारी) मंडळी, त्यांना किती कमी मिळतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ‘खर्चच तेवढा आहे’ हे उत्तर माझ्या गळी उतरत नाही.

खासगी इंजिनिअरिंगसाठी २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आहे, तिथे संस्थेला हिशेब दाखवावा लागतो. आपल्या या कोर्सला तसा प्रति विद्यार्थी खर्च कोण तपासतं? विद्यापीठ की कॉलेजची संस्था?

कुणी विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) किंवा कॉलेजच्या ऑफिसात काम केलं असेल तर सांगा. माहिती अधिकारात अर्ज करायचा म्हणतोय. तो कोल्हापूरला विद्यापीठाकडे टाकू की कॉलेजच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे? आणि मागू काय, लेखापरीक्षण अहवाल की फीमंजुरीचं पत्र? कुणाकडे अर्जाचा नमुना असेल तर इथेच टाका. प्रवेशाची मुदत जवळ आलीय, फी तर भरणारच आहोत.