मदत हवी आहे: रविवारची कुस्ती, वडिलांना काय सांगू? (तातडीचं)

पलूसचा_पोरगा
नमस्कार मंडळी. रविवारी, २६ नोव्हेंबर २०२३ ला, आमच्या कॉलेजची त्या दुसऱ्या कॉलेजशी कुस्ती आहे. लॅबमधला एकजण थँक्सगिव्हिंगला घरी गेला, त्याची दोन तिकिटं माझ्याकडे आली. आण्णा सध्या इथेच आहेत. ते जुने पैलवान. त्यांना सांगितलं तर पहिलाच प्रश्न, "जोडी कशा लागल्यात?" मला काही सांगता येईना. मी आयुष्यात लंगोट बांधलेला नाही, मातीतल्या जिवाणूंवर पीएचडी करतोय (हसू नका). युट्यूबवर मागची एक कुस्ती लावून दिली, तर "हे काय, नुसतं पालथं पडून राहिलंय" म्हणून उठून गेले. आता येणारच नाही म्हणतात.
कोण भारी, कुठली जोड बघण्यासारखी, गुण कसे देतात, एवढंच कोणीतरी सरळ सांगा. नियमपुस्तकाची लिंक नको. शनिवारपर्यंत हवं. एम्सला कोणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चिंचगुळाची_आमटी
एम्स म्हणजे दिल्लीचं ना? वडिलांना दाखवायला नेलंय का? काळजी घ्या त्यांची.

नाना_वडगावकर
धाग्यात माहितीच नाही. कुठलं कॉलेज, कुठलं दुसरं कॉलेज? फ्रीस्टाइल का ग्रीको? कुठल्या वजनाची कुस्ती? पोरांची का पोरींची? असे धागे काढायचे आणि वर 'तातडीचं' लिहायचं.

पलूसचा_पोरगा
अहो एम्स, आयोवा! अमेरिकेतलं. वर थँक्सगिव्हिंग लिहिलंय की. आमचं कॉलेज म्हणजे आयोवा स्टेट, दुसरं म्हणजे आयोवा. वजन एक नाही, बरीच आहेत. स्टाइल कुठली हे माहीत असतं तर धागा कशाला काढला असता?

तांबडी_माती
तुमचे वडील बरोबर बोलले. गुणांची कुस्ती ही कुस्तीच नव्हे. हलगी नाही, शड्डू नाही, माती नाही. एकदा कोल्हापूरच्या खासबाग मैदानात बसून निकाली कुस्ती बघितली की मॅटवरचं सगळं गोडं वरण वाटतं. तिकिटं परत करा आणि आण्णांना घरी मटण करून घाला.

हिल्टनची_पायरी
थांबा जरा. एम्सला सहा हिवाळे काढलेत मी, त्यातली बरीच कुस्ती फुकट विद्यार्थी पासावर बघितली. सांगते.

ही फ्रीस्टाइलही नाही आणि ग्रीकोही नाही. अमेरिकन कॉलेजात फोकस्टाइल खेळतात, ऑलिम्पिकला ती नसते. दोन संघांत दहा वजनांच्या दहा कुस्त्या लागतात: १२५, १३३, १४१, १४९, १५७, १६५, १७४, १८४, १९७ आणि २८५ पौंड. आण्णांना किलोत सांगा, साधारण ५७ पासून १२९ पर्यंत. एक कुस्ती सात मिनिटांची, तीन, दोन आणि दोन अशी तोडलेली. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला एका पैलवानाला निवड मिळते की वर बसतो, खाली बसतो की उभ्याने सुरू करतो.

समोरच्याला खाली घेऊन ताबा मिळवला की ३ गुण. गेल्या वर्षापर्यंत २ होते, याच २०२३-२४ च्या हंगामात बदललंय, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून हिशेब करू नका. खालचा सुटून उभा राहिला तर त्याला १. खालून फिरून वर आला तर २. पाठ जमिनीकडे वळवून धरली तर पंच हाताने मोजतो, जितका वेळ धराल त्याप्रमाणे २, ३ किंवा ४. आणि दोन्ही खांदे एक सेकंद टेकले की चितपट, तिथेच खेळ खलास, गुणफलकावर काहीही असो.

आता आण्णांना 'पालथं पडून राहिलंय' वाटलं त्याबद्दल. वर असणाऱ्याचं घड्याळ चालू असतं. प्रतिस्पर्ध्यापेक्षा एकूण एक मिनिट जास्त वर राहिलात तर शेवटी १ गुण जादा. म्हणजे ते निजणं नसतं, सवारी असते. खालचा उठायला धडपडतोय, वरचा त्याच्या घोट्यावर, मनगटावर, कमरेवर काम करतोय. नुसता दाबून बसला तर पंच आधी ताकीद देतो, मग समोरच्याला गुण देतो. तुमच्या वडिलांनी सवारी भरली असेल तर त्यांना हे दोन मिनिटांत कळेल, मला कळायला एक हंगाम गेला.

कोरलव्हिलचे_काका
वरचा प्रतिसाद चांगला आहे, पण ताई सायक्लोनवाल्या (म्हणजे आयोवा स्टेटच्या) आहेत म्हणून मुख्य गोष्ट गाळली. २००४ नंतर आज २०२३ पर्यंत आयोवा स्टेटने आयोवाला हरवलेलं नाही. जोड काय विचारताय, निकाल ठरलेला आहे. आयोवाकडे २४ राष्ट्रीय सांघिक विजेतेपदं, तुमच्याकडे ८. मी आयोवाच्या कार्व्हर-हॉकआय स्टेडियममध्ये काळ्या-पिवळ्या गर्दीत बसून बघतो. आण्णांना दोन तास गाडीने इकडे आणा, खरी कुस्ती दाखवतो.

हिल्टनची_पायरी
काका, रविवारची कुस्ती आमच्या हिल्टन स्टेडियममध्ये आहे, कार्व्हरमध्ये नाही. आणि गेल्या वर्षी तुमच्या कार्व्हरमध्येच निकाल १८-१५ लागला होता. तीन गुणांचा फरक म्हणजे एक साधी कुस्ती इकडची तिकडे. ठरलेला निकाल म्हणे.

पलूसचा_पोरगा
१८-१५ म्हणजे? दहा कुस्त्या आहेत ना, मग १८ कुठून आले?

नाना_वडगावकर
हा प्रश्न पहिल्या पोस्टमध्ये हवा होता.

हिल्टनची_पायरी
प्रत्येक कुस्तीतून संघाला वेगळे गुण मिळतात. सात गुणांपर्यंतच्या फरकाने जिंकलात तर संघाला ३. आठ ते चौदा फरक असेल तर ४. पंधराचा फरक झाला की कुस्ती थांबवतात, ५. चितपट केलं तर ६. म्हणजे एक चितपट दोन साध्या विजयांइतकी. तांबडी_माती यांनी हे वाचावं.

नव्या तीन गुणांमुळे आणखी एक मजा झालीय. समजा, एकाने चार वेळा खाली घेतलं आणि चारही वेळा सोडून दिलं. पूर्वी ८-४, म्हणजे संघाला तीनच. आता १२-४, फरक आठ, संघाला चार. त्यामुळे चांगला पैलवान मुद्दाम सोडतो आणि पुन्हा पट काढतो, म्हणजे पाय धरून पाडतो. आण्णांना 'सोडला का?' असा प्रश्न नक्की पडेल, आधीच सांगून ठेवा.

तांबडी_माती
वाचलं. मुद्दाम सोडायचा? आमच्या वस्तादांनी पाठीत बुक्की घातली असती. पण चितपटला सहा देतात हे चांगलं आहे, तेवढं मान्य.

कृष्णाकाठ_७२
धागा बघून राहवलं नाही. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कुस्तीतच, आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत आणलं, ब्राँझ. तेही कॉलेजचेच पैलवान, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे. आज कुठलं कॉलेज पैलवान घडवतं आपल्याकडे? आमच्या वेळी कॉलेजच्या गॅदरिंगला दोन गोष्टी असायच्या, नाटक आणि कुस्ती. आता फॅशन शो.

शुद्धलेखन_पोलीस
पहिलं वैयक्तिक पदक नॉर्मन प्रिचर्डचं, १९००, पॅरिस.

कृष्णाकाठ_७२
'स्वतंत्र' हा शब्द दिसला नाही का?

एमएच०९_बुलेट
आण्णांना सांगा, इकडे सिकंदर शेखने फुलगावला महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. जानेवारीत पुण्यात जे झालं त्याचा हिशेब चुकता. महेंद्र गायकवाडने मारलेली ती बाहेरची टांग (तो डाव) चार गुणांची नव्हतीच.

तांबडी_माती
चारचीच होती. महेंद्रने स्वच्छ मारली होती. व्हिडिओ हळू करून बघा.

एमएच०९_बुलेट
शंभरदा बघितलाय. खांदा कुठे टेकला दाखवा.

पलूसचा_पोरगा
कृपया! त्याचा वेगळा धागा आहे. माझ्याकडे दोन दिवस उरलेत. जोडी सांगा.

हिल्टनची_पायरी
जोडी सांगते, कोण प्रत्यक्ष उतरेल ते वजनाच्या वेळीच कळतं हे धरून. उन्हाळ्यात दोन्ही विद्यापीठांचे काही खेळाडू बेटिंगच्या चौकशीत अडकले, त्यामुळे यंदा यादीवर फार भरवसा ठेवू नका.

आमच्याकडून १६५ चा डेव्हिड कार. २०२१ ला १५७ वजनात राष्ट्रीय विजेता. वडील नेट कार, तेही आयोवा स्टेटचेच, १९८१ ते ८३ सलग तीन वेळा राष्ट्रीय विजेते आणि १९८८ ला सोलमध्ये ऑलिम्पिक ब्राँझ. बापलेक एकाच तालमीचे, हे आण्णांना सांगितलंत की ते बूट घालून दारात उभे राहतील. कार उभ्याने खेळतो, एकेरी पटात घुसतो तेव्हा समोरच्याचा पाय कधी गेला ते कळत नाही. त्याच्याकडून ३ धरूनच चालू नका, ४ मिळाले तर गणित बदलतं. समोर आयोवाचा कॅलिएन्डो असेल, नॉर्थ डकोटा स्टेटहून बदली होऊन आलेला. तो मागे सरणारा नाही.

दुसरा यंगर बास्टिडा, मूळचा क्यूबाचा. आधी १९७ ला होता, यंदा २८५ ला गेलाय. त्या वजनात हलका पडतो, पण पाय इतके चपळ की धिप्पाड गडी त्याच्यामागे फिरून दमतो.

आयोवाची ताकद खालच्या वजनांत. १२५ ला ड्रेक अयाला, आणि १४१ ला रिअल वुड्स उतरला तर अवघड आहे, तो याच वर्षी, २०२३ च्या मार्चमध्ये, राष्ट्रीय अंतिम फेरीत होता. माझा अंदाज, ते सुरुवातीला पुढे जातील, आपण १६५ ला पकडू, आणि १७४-१८४ मध्ये सगळं ठरेल. तिथली पोरं फारशी कोणाला माहीत नसतात, पण नेमकी तिथेच कोणीतरी पाठीवर पडू नये एवढ्यासाठी जिवावर खेळतं. मोठ्या फरकाने न हरणं हेही संघासाठी कमावणंच.

कोरलव्हिलचे_काका
अंदाज प्रामाणिक आहे. फक्त तुमचे कोच केव्हिन ड्रेसर कुठले, ते सांगितलं नाहीत. आयोवाचेच पठ्ठे! १९८६ ला आमच्याकडून राष्ट्रीय विजेते. आमचे कोच टॉम ब्रँड्स, १९९६ अटलांटाचं सुवर्ण. दोघेही डॅन गेबलच्या हाताखाली तयार झालेले.

हिल्टनची_पायरी
आणि गेबल कॉलेजात कुठून खेळला काका? आयोवा स्टेटकडून. शाळा आणि कॉलेज मिळून एकच कुस्ती हरला, तीही १९७० ला कॉलेजच्या शेवटच्या सामन्यात, लॅरी ओविंग्जकडून. दोन वर्षांनी म्युनिकमध्ये एकही गुण न देता सुवर्ण. मग तुम्ही त्याला कोच म्हणून नेलात आणि त्याने तुम्हाला १५ विजेतेपदं दिली. पुतळा मात्र तुमच्या कार्व्हरसमोर. आमचं दुखणं तेच आहे. शिवाय केल सँडरसन, १५९ लढती, १५९ विजय, तोही आमचा, आज पेन स्टेटला कोच.

तांबडी_माती
१५९ पैकी १५९? आणि हा ऑलिम्पिकला नाही गेला?

हिल्टनची_पायरी
गेला की. २००४, अथेन्स, ८४ किलो, सुवर्ण.

तांबडी_माती
बरं. मग मॅटवाल्यांत दम आहे म्हणायचा.

वस्ताद_कुंडलकर
मी मॅटवर पोरं शिकवतो, एक गोष्ट राहिली ती सांगतो. या प्रकारात खाली असलेल्याच्या कमरेभोवती दोन्ही हात गुंफता येत नाहीत, तो उभा झाला किंवा पाठीवर धोक्यात असला तरच चालतं. नाहीतर समोरच्याला गुण. म्हणजे आपला भारंदाज (कमरेला हात गुंफून समोरच्याला लोळवायचा डाव) तिथे बाद. तुमचे आण्णा बसल्या जागेवरून "भारंदाज मार की!" ओरडतील, तेव्हा तुम्ही समजावा. तसंच उचलून आपटलं तर दंड आहे. उचला, पण खाली ठेवताना जबाबदारी तुमची. यामुळे कुस्ती मवाळ होते असं नाही. हात गुंफता येत नाहीत म्हणून पायांनी, छातीच्या वजनाने, मनगट पकडून ताबा ठेवावा लागतो. फ्रीस्टाइलमध्ये पाठ क्षणभर दाखवली तरी दोन गुण जातात, इथे धरून ठेवावं लागतं. मला विचाराल तर चितपटीच्या कुस्तीला हा प्रकार फ्रीस्टाइलपेक्षा जवळचा आहे.

नाना_वडगावकर
वस्ताद, तुमचा प्रतिसाद पहिला आला असता तर धागा इथेच संपला असता.

पलूसचा_पोरगा
वस्तादांचं आणि ताईंचं आण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. भारंदाज बंद आहे ऐकून आधी पंचांना शिव्या घातल्या, मग बापलेकाचं दोनदा वाचायला लावलं. येतो म्हणाले. आता त्यांचे तीन प्रश्न: मोठ्या गड्यांची कुस्ती शेवटीच लावतात का, फेटा बांधून आलं तर चालेल का, आणि आपण कुठल्या बाजूचे? तिसऱ्याचं उत्तर मी दिलं, पहिल्या दोनांचं सांगा.

हिल्टनची_पायरी
बहुतेकदा १२५ पासून चढत जातात, पण सुरुवात कुठल्या वजनापासून हे चिठ्ठी काढूनही ठरतं. तसं झालं तर २८५ मध्येच येऊन जाईल, म्हणून उशिरा पोचू नका. फेट्याला कोण अडवणार? फक्त काळा-पिवळा नको. लाल किंवा सोनेरी बांधा.

कोरलव्हिलचे_काका
काळा-पिवळा शोभून दिसेल आण्णांना. बघा विचार करून.

चिंचगुळाची_आमटी
उशिरा कळलं अमेरिका आहे ते. मग तिथे थंडी असेल ना? फेट्याखाली कानटोपी घाला त्यांना. आणि वरती मटणाचा उल्लेख झाला, त्याची पाककृती कोणी देईल का? तिकडे कांदा-लसूण मसाला मिळतो का?

एमएच०९_बुलेट
मिळतो की नाही माहीत नाही, पण खांदा टेकला नव्हता.