आबांचा कंपवात आणि चार लाखांचं ‘स्टेम सेल’ इंजेक्शन: जाणकारांनी सांगावं

सुभाषनगरची लेक
नमस्कार. आमचे आबा, वय 66, सुभाषनगरात चाळीसेक वर्षं कोल्हापुरी चपला करतात. पहिल्यांदा खटकलं ते वहीत. गिऱ्हाइकांची मापं आणि उधारी ते स्वतः लिहितात. ओळ सुरू होताना अक्षर ठीक, शेवटाला पोहोचेपर्यंत तांदळाच्या कणीएवढं. मग उजवा हात. मांडीवर नुसता टेकवला की अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत राहतं, देवाची वात वळल्यासारखं. नवल असं की आरी हातात घेतली की कंप थांबतो. पण चपलेची कातडी वेणी घालायला अर्धा तास लागायचा तिथं आता दीड तास जातो. कातड्याचा वास तर त्यांना पाच-सहा वर्षं येतच नाही.

डॉक्टरांनी पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, सांगितलं. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे. सकाळची चांगली लागू पडते, दुपारची कधी लागते, कधी नाही.

आता एका दवाखान्याचा माणूस घरी येऊन गेला. पोटाच्या चरबीतून स्टेम सेल (ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा पेशी) काढायच्या, शिरेतून सोडायच्या, चार लाख रुपये, सहा महिन्यांत गोळ्या बंद. भाऊ ठेव मोडायला निघालाय. ‘बापापुढं चार लाख काय मोठे?’ म्हणतो. मला त्याचं मन मोडवत नाही, पण छातीत धडधडतंय. मेंदूच्या पेशी अशा परत येतात का हो?

करवीरचा पोरगा
ताई, ठेव मोडू नका. आधी हे वाचा आणि भावालाही वाचायला द्या.

मी शिवाजी विद्यापीठातून बायोकेमिस्ट्री केलं, आता पुण्यात प्रयोगशाळेत प्रथिनांच्या घडीवर काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळं औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पेशींचं मात्र सांगू शकतो.

मेंदूच्या तळाशी एका काळपट भागात डोपामिन, म्हणजे हालचालीचे निरोप पोहोचवणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी असतात. पार्किन्सन्समध्ये त्या मरत जातात. हात थरथरायला लागेपर्यंत त्यांतल्या बऱ्याच गेलेल्या असतात. वास त्याच्याही आधी जाऊ शकतो, आबांचं तसंच दिसतंय. त्या पेशींत अल्फा-सिन्युक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या सापडतात. 1997 साली एका इटालियन घराण्यात याच प्रथिनाच्या जनुकातला बिघाड सापडला आणि संशोधनाला दिशा मिळाली.

हे प्रथिन मुळात वाईट नाही, निरोगी पेशीतही असतं. बिघडतं ते घट्ट होताना. आमच्या घरचं गुऱ्हाळ होतं म्हणून मला ते चटकन कळलं. काकवी पातळ असते तोवर वाहते, एकदा गूळ बसला की त्याची काकवी होत नाही. आयआयटी मुंबईत समीर माजी यांच्या गटानं 2020 मध्ये दाखवलं की अल्फा-सिन्युक्लीन आधी द्रवाचे थेंब करतं, आणि ते थेंब पुढं घट्ट होत तंतू बनतात. हे बसणं थेंबाच्या पायरीवरच थांबवता आलं तर खरा इलाज सापडेल, असं मला मनापासून वाटतं. अजून तिथं पोहोचलेलो नाही. या प्रथिनाला पकडणाऱ्या दोन अँटीबॉडींच्या चाचण्यांचे निकाल 2022 मध्ये आले, दोन्हींना मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. त्या दिवशी आमच्या लॅबमध्ये कुणी फारसं बोललं नाही.

आता तुमचा प्रश्न. पेशी बदलण्याचे खरे प्रयोग चालू आहेत. क्योटोत 7 रुग्णांवर झाला, अमेरिका-कॅनडात 12 जणांवर, दोन्ही एप्रिल 2025 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आले. त्यात स्टेम सेल प्रयोगशाळेत डोपामिन बनवणाऱ्या पेशी होण्याच्या वाटेवर वाढवल्या आणि कवटीला भोक पाडून मेंदूत नेमक्या जागी सोडल्या. वर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली. क्योटोत ज्या सहा जणांचा परिणाम मोजला त्यांतल्या चौघांची, औषध उतरलेलं असतानाची हालचाल सुधारली. चांगली बातमी आहे, पण सुरुवात आहे. चरबीतल्या पेशी शिरेतून सोडल्या म्हणून त्या मेंदूत जाऊन डोपामिनच्या पेशी होतात, असं कुणीही सिद्ध केलेलं नाही.

आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, तिची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं साफ सांगतात की रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच वापरायच्या. त्या माणसाला सीटीआरआयचा, म्हणजे औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. दिला तरी दुसरं विचारा, ‘चाचणी आहे तर पैसे का?’ खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत.

आणि त्याच्या बोलण्यावरून गोळ्या अचानक बंद करू नका. त्यात जिवाला धोका होऊ शकतो.

इचलकरंजीच्या काकू
बाळ, आमच्या ह्यांना नऊ वर्षं झाली. दुपारची गोळी लागत नाही म्हणतेस, ती जेवणाबरोबर देतेस का? आम्हीही तेच करत होतो. डाळ, अंडं, मटण, दूध यांतलं प्रथिन आणि ही गोळी आतड्यातून एकाच दारानं आत जातात, दाटी झाली की गोळी बाहेर उभी राहते. आम्हाला डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास द्यायला सांगितलं आणि फरक पडला. तुमच्या डॉक्टरांना विचारून बघ. कुणी खाजकुयलीचं चूर्ण सुचवलं तर तेही त्यांच्या कानावर घाल.

करवीरचा पोरगा
काकूंनी लाखमोलाचं सांगितलं. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा, म्हणजे आबांच्या गोळीतलंच औषध, खरोखर आहे, 1937 मध्येच मद्रासच्या संशोधकांनी तो त्यातून वेगळा काढला होता. म्हणूनच गोळीवर चूर्ण म्हणजे न मोजलेला दुसरा डोस.

सुभाषनगरची लेक
काल नंबर मागितला. ‘तुम्हाला कळणार नाही ते’ म्हणाला, आज फोन उचलत नाही. भाऊ रात्री बराच वेळ गप्प बसला, मग मोबाईल माझ्याकडं करून म्हणाला, ‘ते गुळाचं परत वाच.’ ठेव तशीच आहे.

डॉक्टरांना विचारून दुपारची गोळी साडेबाराला केली, जेवण सव्वाला. आज चौथा दिवस. दुपारी आबांनी एका जोडाचे कान शिवले, वादी स्वतः ओवली. एकच विचारते, हे भावाला, मला, पोरांना होईल का?

करवीरचा पोरगा
बहुतेक रुग्णांत हा आजार आईबापाकडून थेट आलेला नसतो. जवळच्या नात्यात असला तर शक्यता थोडी वाढते, इतकंच. घरात अजून कुणाला, तेही कमी वयात, झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि आबांची ती वही पुढच्या भेटीला घेऊन जा. जुनं पान आणि आजचं पान, दोन्ही दाखवा.