आजीला नावं आठवत नाहीत पण विडी वळता येते, असं कसं?

बी.ए. दुसऱ्या वर्षाला सायकॉलॉजी घेतलीये. हेन्री मोलायसन या अमेरिकन पेशंटचं वाचल्यापासून ते डोक्यातून जातच नाहीये. १९५३ ला फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूतला दोन्हीकडचा हिप्पोकॅम्पस (नव्या आठवणी साठवायला लागणारा भाग) बराचसा काढला, नंतर नवीन काही लक्षातच राहिना, पण आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तर ते रोज जास्त जास्त जमत गेलं आणि आपण हे आधी केलंय हेच त्याला आठवायचं नाही! माझ्या आजीनं इथं सोलापुरात जन्मभर विड्या वळल्या, आता नातवंडांची नावं विसरते पण हातात पान दिलं की बोटं आपोआप चालतात. हे तेच का?

> बरंचसं तेच. हाताच्या सवयी मेंदूच्या बेसल गँग्लिया, सेरेबेलम अशा दुसऱ्या भागांत मुरतात, नावं-प्रसंग नव्यानं साठवायला हिप्पोकॅम्पस लागतो. पण हेन्रीचं ऑपरेशन झालेलं, आजींचं कारण वेगळं असणार, वय म्हणून सोडू नका, न्यूरॉलॉजिस्टला दाखवाच.

> आमचे बाबा मागावर होते, माग सोडून खूप वर्षं झाली तरी तुटलेला धागा बघितला की गाठ मारूनच उठतात. वाचून अंगावर काटा आला.

> थँक्यू दादा, सोमवारी नेते दाखवायला. काल तिच्या शेजारी बसून वळायला शिकले, माझी विडी सारखी सुटायची, तिनं न बोलता माझी बोटं धरून नीट लावली. नाव नाही घेतलं माझं, पण हात सोडला नाही.