मदत हवी आहे : घरातील दुरुस्तीच्या पिशवीत नेमके काय ठेवावे?

नमस्कार. मी भुसावळला राहते आणि माध्यमिक शाळेत शिकवते. यजमान नोकरीनिमित्त सुरतेला असतात व पंधरवड्यातून एकदा येतात, त्यामुळे नळ, दिवे, कूलर आणि कड्याकोयंडे यांची किरकोळ दुरुस्ती गेली दोन वर्षे माझ्याकडे आलेली आहे. घर माझ्या वडिलांनी बांधलेले आहे. ते रेल्वेत फिटर होते आणि त्यांच्या हत्यारांनी भरलेली एक पत्र्याची ट्रंक माळ्यावर तशीच आहे. ती ट्रंक मला एकटीला उचलत नाही, म्हणून एका हाताने गच्चीपर्यंत नेता येईल अशी एक पिशवी भरावी, असे मनात आहे.

पहिला प्रयत्न फसला, तो आधीच सांगते. एका विक्रेत्याकडून शेहेचाळीस नगांचा तयार संच मागवला. त्यातील पेचकसाचे टोक स्विचबोर्डाच्या दुसऱ्याच स्क्रूवर गोल झाले आणि शेहेचाळीसपैकी तीस नग हे निरनिराळे बिटच निघाले, ज्यांतील तीन किंवा चार सोडले तर एकाचाही उपयोग अद्याप पडलेला नाही. त्यानंतर मी एक वही केली. घरात जे बिघडेल ते, कशाने दुरुस्त झाले ते आणि कोणती वस्तू हाताशी नव्हती ते तीत लिहून ठेवते. चौदा महिन्यांत सत्तावीस नोंदी झाल्या. त्यांतील अकरा पाण्याच्या आहेत, सात विजेच्या, पाच एकट्या कूलरच्या आणि उरलेल्या दारे, खिडक्या व कुलपांच्या आहेत. भिंतीला भोक पाडण्याची वेळ या सगळ्या काळात दोनदाच आली.

अकरावी नोंद आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसाची आहे. बेसिनखालचा अँगल कॉक थेंब थेंब गळत होता. नवा कॉक आणून ठेवला होता, म्हणून वडिलांचा चौदा इंची पाइप पाना लावून जुना फिरवला. तो सहज फिरला, इतका सहज की मला आनंदच झाला, आणि पुढच्या क्षणी कॉक तुटक्या निपलसह (पाइप आणि कॉक जोडणाऱ्या आट्यांच्या तुकड्यासह) हातात आला व भिंतीतून पाण्याची धार सुरू झाली. गच्चीवर धावले, तर टाकीखालच्या व्हॉल्व्हचे चाक क्षारांनी जाम झालेले होते. ओळखीचे तिन्ही प्लंबर सणासाठी आपापल्या गावी गेले होते. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे आदल्याच दिवशी भरलेली हजार लिटरची टाकी बेसिनखाली रिकामी होताना मी फडक्याचा बोळा दाबून बसले होते आणि आई बादल्या वाहत होती. पुरणाचे सगळे तसेच राहिले.

आता प्रश्न. वडिलांचे इंची पाने आजच्या नटांना चालतात का, की ते ट्रंकेतच राहू द्यावेत? विजेसाठी टेस्टर पुरेसा आहे की मल्टिमीटर घ्यावा? ड्रिल यंत्र घेण्याइतके काम माझ्याकडे आहे का? शिवाय ट्रंकेत लाकडाच्या चार निमुळत्या खुंट्या सापडल्या. त्या साधारण दहा सेंटिमीटर लांब असून एका टोकाला बारा मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला पंचवीस मिलिमीटर जाड आहेत. लहानपणी आम्ही भावंडे त्यांना भोवरे समजत होतो, पण त्यांना आर कधीच नव्हती. त्या कशासाठी असाव्यात, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १ (धुळे)

ताई, मी वीजकाम करतो, तेव्हा तेवढ्यापुरतेच लिहितो. टेस्टर ठेवा, पण त्याच्या एकट्याच्या साक्षीवर तारेला हात लावू नका. टेस्टर पेटला तर वीज आहे एवढे कळते. नाही पेटला तर वीज नाही, असे मात्र ठरत नाही, कारण टेस्टरच बिघडलेला असू शकतो, किंवा आपण कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभे असल्यामुळे तो इतका मंद पेटतो की दिवसाउजेडी दिसतच नाही. म्हणून तो आधी चालू असलेल्या सॉकेटवर पाहावा, मग एमसीबी (मीटरजवळच्या पेटीतील त्या भागाची वीज तोडणारी कळ) पाडून कामाच्या जागी पाहावा आणि पुन्हा चालू सॉकेटवर पाहावा. तिन्ही वेळा हवे तसे उत्तर आले तरच झाकण उघडावे.

मल्टिमीटर अवश्य घ्या. साधा डिजिटल पुरेल, मात्र त्यावर कॅट तीन, ६०० व्होल्ट असे छापलेले असावे. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये फेज व न्यूट्रल यांच्यात सुमारे २३० व्होल्ट, फेज व अर्थ यांच्यातही तितकेच आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात जेमतेम दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. दुसरे माप आलेच नाही, तर अर्थिंग तुटलेले आहे असे समजावे.

हे मी कूलरसाठी सांगतो आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पत्र्याचा कूलर दिवसरात्र चालतो आणि पाणी भरताना त्याला हात लावून जीव गेल्याची बातमी जवळजवळ दर उन्हाळ्यात येते. कूलर बाहेर काढाल त्या दिवशी प्लग सॉकेटमधून काढून, मीटर सलगतेच्या खुणेवर (जोड अखंड असला की मीटर वाजतो ती) ठेवून, एक टोक प्लगच्या मोठ्या पिनेला आणि दुसरे कूलरच्या पत्र्याला लावा. पत्र्यावरचा रंग तेवढ्या जागी खरवडावा लागेल. मीटर वाजला नाही, तर तो कूलर चालवू नका. पाणी भरताना नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लगच बाहेर काढावा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी कळ) नसेल तर तो बसवून घ्या. ती वस्तू पिशवीत ठेवायची नाही, पण पिशवीतल्या सगळ्या हत्यारांपेक्षा तिचे मोल जास्त आहे.

सुटे भाग म्हणाल, तर पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एक होल्डर, एक सहा अँपिअरचा स्विच आणि कूलरचा एक पंप ठेवा. पंप बंद पडला की लगेच टाकून देऊ नका. पुढची जाळी व टोपी काढली की आतला पंखा क्षाराने अडकलेला दिसतो, तो लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवून घासला की बहुतेक वेळा चालतो.

प्रतिसाद २ (जळगाव)

आखाजीला प्लंबर न मिळणे ही तक्रार होऊ शकत नाही, तोही माणूसच आहे. माझे स्पष्ट मत असे की भिंतीतल्या पाइपाला घरच्या माणसाने हात लावू नये. पिशवीत एक पेचकस, एक पक्कड आणि दोन प्लंबरांचे दूरध्वनी क्रमांक ठेवावेत.

प्रतिसाद ३ (चाळीसगाव)

ताई, मीही फिटर होतो आणि आता निवृत्त आहे. तुमच्या वडिलांच्या खुंट्यांचे वर्णन वाचून हसूही आले आणि वाईटही वाटले. त्या फुटलेल्या पाइपाच्या तोंडात ठोकायच्या असतात. अर्धा इंची जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाचे आतले तोंड साधारण सोळा मिलिमीटरचे असते, म्हणजे बारापासून पंचवीसपर्यंत निमुळती होत गेलेली खुंटी त्यात साधारण एक तृतीयांश जाऊन घट्ट बसते. टोकाला सुती कापडाचा एक वेढा द्यायचा, धारेत घालायची आणि हातोडीने दोन ठोके मारायचे. मऊ लाकूड पाण्याने फुगते आणि आणखी घट्ट होते. तुमची टाकी ओतून गेली तेव्हा तिला अडवणारी वस्तू डोक्यावर माळ्यातच होती.

आता निपल का तुटले ते सांगतो. जी.आय. पाइपाची जाडी आट्यांच्या मुळाशी सर्वांत कमी असते आणि गंज तिथेच आधी धरतो. पाना लांब असला की जोर कळत नाही. कॉक सहज फिरला असे तुम्हाला वाटले, पण फिरत कॉक नव्हता, आतले निपल पिळत होते. अशा वेळी दोन पाने हवेत. निपल भिंतीबाहेर दिसत असेल तर एकाने ते धरायचे आणि दुसऱ्याने कॉक. आधी सांध्यावर गंज सोडवणारे तेल मारून अर्धा तास थांबायचे, मग कॉक केसभर आवळायचा आणि नंतर सैल करायचा.

आणखी एक गोष्ट. तो कॉक बदलण्याची गरज होती का, हे तुम्ही लिहिलेले नाही. पाणी दांड्याजवळून झिरपत असेल तर ग्लँड नट (दांड्याभोवतीचा नट) पाव फेरा आवळला की काम होते. कॉक बंद करूनही धार थांबत नसेल तर आतला वॉशर किंवा स्पिंडल (फिरणारा दांडा) बदलायचा. कॉकचे अंग भिंतीत तसेच राहते. त्यामुळे पिशवीत पाच-सहा वॉशर, एक स्पिंडल, टेफ्लॉन टेपच्या दोन गुंडाळ्या आणि अर्धा इंची आट्यांचे दोन प्लग ठेवा. टेप आट्यांच्या दिशेने, म्हणजे टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, ताणून दहा-बारा वेढे गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर बसवताना गोळा होऊन बाहेर येते.

इंची पान्यांचे असे आहे की त्यांवरचा आकडा नीट वाचा. आकड्यापुढे डब्ल्यू असेल तर तो व्हिटवर्थ पाना समजावा, आणि त्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. १/२ डब्ल्यू पान्याचे तोंड अर्धा इंच नसते, सुमारे २३.४ मिलिमीटर असते. नुसता अपूर्णांक असेल तर तो तोंडाचाच आकडा होय. त्यांपैकी ३/४ इंची पाना १९ मिलिमीटरच्या नटाला बरोबर चालतो, पण ९/१६ इंची पाना १४ च्या नटावर थोडा सैल बसतो आणि जुन्या नटाचे कोपरे खातो. पिशवीसाठी १०-११, १२-१३ आणि १६-१७ असे तीन दुतोंडी पाने व एक दहा इंची स्क्रू पाना पुरे. कूलरच्या स्टँडचे बोल्ट बहुधा १० किंवा १३ च्या पान्याचेच असतात. नाशिकच्या टापरियाची हत्यारे आपल्याकडच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळतात. संच घेऊ नका, एकेक नग हातात धरून घ्या.

प्रतिसाद २ मधील भाऊंना एवढेच सांगतो की भिंतीतला पाइप बदलणे आणि फुटलेल्या पाइपाचे पाणी थांबवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले प्लंबरचेच आहे.

प्रतिसाद ४ (अमळनेर)

ड्रिलबद्दल लिहितो. चौदा महिन्यांत दोन भोके म्हणजे यंत्र शेजाऱ्याकडून मागून आणण्याइतकेच काम आहे. बिट मात्र स्वतःचे ठेवा, ६ आणि ८ मिलिमीटरचे, कारण मागून आणलेले बिट नेहमी बोथट असतात. आठ नंबरच्या स्क्रूला ६ मिलिमीटरची गिट्टी (स्क्रू धरण्यासाठी भोकात बसवायची खुंटी) पुरते. जुनी भिंत मातीच्या जुडाईची असेल, तर हॅमरची कळ बंद ठेवून भोक पाडावे, नाहीतर सहाचे भोक बघता बघता बाराचे होते.

धागाकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रतिसाद २ मधील सल्ला अर्धा मानला आहे. प्लंबरांचे क्रमांक पिशवीच्या झाकणाला आतून चिकटवले.

कॉक दांड्याजवळूनच गळत होता. पाव फेऱ्याचे काम होते.

रविवारी ट्रंक खाली उतरवली. पान्यांची तोंडे मेजपट्टीने मोजली, तर नऊपैकी पाच डब्ल्यूचे निघाले. ते तेल लावून परत ठेवले. हार्डवेअरच्या दुकानात दोन पेचकस निवडत असताना, "साहेबांना पाठवा, त्यांना बरोबर कळेल," असे ऐकावे लागले. साहेबांना पक्कड आणि नोजप्लायर यांतला फरक कळत नाही, हे मी तिथे सांगितले नाही.

पिशवीत सध्या दोन पेचकस, पक्कड, नोजप्लायर, तीन पाने, स्क्रू पाना, हातोडी, हॅक्सॉचे छोटे हँडल, कानस, मेजपट्टी, टेस्टर, मल्टिमीटर, हेडलँप आणि सुट्या भागांचा एक डबा आहे. हेडलँप कोणी सुचवला नव्हता, पण बेसिनखाली दातांत विजेरी धरून काम केलेल्या माणसाला तो सुचवावा लागत नाही. एम-सील, पाइप चिकटवायच्या सोल्यूशनची डबी आणि काळी टेप मात्र पिशवीत नाहीत. मागच्या मे महिन्यात गच्चीच्या खोलीत ठेवलेल्या काळ्या टेपचा गोंद वितळून पाघळला होता आणि सोल्यूशन डबीतच घट्ट झाले होते, म्हणून या वस्तू आता स्वयंपाकघरातील खालच्या फडताळात, माठाशेजारी असतात.

पाइप पाना एकटाच दीड किलोच्या वर भरला आणि त्याने पिशवीचे वजन सहा किलोंच्या पुढे गेले. त्यामुळे तो गच्चीच्या दाराशी खिळ्याला टांगला आहे. आईकडून कळले की खुंट्या वडिलांनी देवदारी खोक्याच्या फळ्यांतून स्वतः तासल्या होत्या. दोन पिशवीत घेतल्या, एक बेसिनखाली सुतळीने बांधली आणि एक आईने देवघरात ठेवली आहे.

एक शंका राहिली. टाकीखालच्या व्हॉल्व्हचे चाक तेल देऊन आणि मागे-पुढे करून अखेर मोकळे झाले, पण आता त्याच्या दांड्यातून पाणी झिरपते. ग्लँड नट आवळूनही थांबत नाही. गळती अडवण्यासाठी दांड्याभोवती भरलेला आतला दोरा संपला असावा. तो कोणता घ्यावा?

प्रतिसाद ३ (चाळीसगाव)

वेगळा दोरा आणू नका, ताई. टेफ्लॉन टेपचा हातभर तुकडा घेऊन त्याला सुतासारखा पीळ द्या. टाकी रिकामी असेल त्या दिवशी ग्लँड नट पूर्ण वर घ्या, पीळ दिलेली टेप दांड्याभोवती घड्याळाच्या दिशेने तीन-चार वेढे भरा, पातळ पेचकसाने खाली दाबा आणि नट हाताने बसवून नंतर पान्याने अर्धा फेरा द्या. चाक थोडे जड फिरले पाहिजे. हलके फिरत असेल तर आणखी एक वेढा भरा. आणि महिन्यातून एकदा तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून उघडत जा.