स्पॉकच्या घरच्यांना जन्म देणारी लेखिका

'स्टार ट्रेक' या अवकाशप्रवासावरच्या अमेरिकन टीव्ही मालिकेबद्दल काहीजण म्हणतात की मूळ मालिका पुरुषांनीच लिहिलेली होती. हे मला पटत नाही. डोरोथी फोंटाना यांचं नाव यात यायलाच हवं. श्रेयनामावलीत त्या 'डी. सी. फोंटाना' असल्यामुळे ही बाई आहे हे अनेकांना कळतच नसे, आणि आद्याक्षरं वापरण्यामागे हेतूही तोच होता.

सुरुवात सेक्रेटरी म्हणून, टायपिंग करत. पहिली कथा विकली तेव्हा वय 21. पुढे मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांच्याकडे काम करता करता त्या मालिकेच्या स्टोरी एडिटर, म्हणजे कथा-संपादक झाल्या.

स्पॉक, म्हणजे मालिकेतल्या अवकाशयानावरचा अर्धा मानव, अर्धा परग्रहवासी अधिकारी, मुळात रॉडनबेरींचा, हे मान्य. पण त्याचे आईवडील पहिल्यांदा पडद्यावर आले ते फोंटाना यांच्या 'जर्नी टू बेबेल' या भागात, 1967 साली. बापलेकांचा 18 वर्षांचा अबोला. वडील मरणाच्या दारात, त्यांना मुलाचं रक्त हवंय, आणि स्पॉक जहाजाची जबाबदारी सोडायला तयार नाही. तेव्हा आई त्याच्या थोबाडीत मारते. अवकाशयानातलं हे भांडण अगदी घरातलं वाटतं!

1973 च्या अ‍ॅनिमेटेड 'स्टार ट्रेक' मालिकेतला 'यस्टरइयर' हा भाग तर जरूर बघा. आपल्या जखमी, लाडक्या प्राण्याला वेदनेत जगवायचं की शांतपणे जाऊ द्यायचं, हे छोट्या स्पॉकला ठरवावं लागतं. शनिवार सकाळच्या मुलांच्या कार्यक्रमात मरण इतक्या गांभीर्याने दाखवायला केवढी हिंमत लागली असेल! नंतर 'नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या 'स्टार ट्रेक' मालिकेचा पहिला भागही त्यांनी रॉडनबेरींसोबत लिहिला. 2019 मध्ये त्या गेल्या.