सल्ला हवा: तुटलेले पत्र्याचे भाग पुन्हा बनवायला कोणतं कॅड (संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) शिकू?

हिरवा_गॉगल
नमस्कार मंडळी. वेल्डिंग, ग्राइंडिंग, ड्रिलिंग अंगवळणी पडलंय, पण मार्किंग अजून थेट पत्र्यावर स्क्राइबरनेच करतो. सध्या एका जुन्या बँडसॉच्या मोटरचा ब्रॅकेट हातात आहे. ३ मिमी एमएस (माइल्ड स्टील), दोन बेंड, चार भोकं. बेंडवरच तडकलाय, आणि वेल्ड केला की वेल्डच्या कडेने पुन्हा फाटतो. नवा लेझरवर कापून घ्यायचाय. यापुढे अशा कामांचं ड्रॉइंगही मीच करून द्यावं असं मनात आहे.

अटी: सॉफ्टवेअर फुकट हवं, इंटरनेटशिवाय चालायला हवं. लॅपटॉप जुना, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. नवीन काहीही विकत घेणार नाही. ही कामं पैसे घेऊन करणार आहे, त्यामुळे लायसन्सही तसंच लागेल.

फुल_पेनेट्रेशन
सॉलिडवर्क्स. दुसरा विचारच करू नका. शीटमेटल त्याच्यासारखं कुणालाच जमत नाही. मी ३२ जीबीचं वर्कस्टेशन आणि दोन मॉनिटर घेतले. मोठी असेंब्ली फिरवताना मशीन जराही अडखळत नाही. एकदाच खर्च होतो, पण आयुष्यभराचं काम होतं.

हिरवा_गॉगल
दादा, खर्च करायचा नाही असं वर लिहिलंय.

ठिणगी
फ्यूजन घ्या, घरगुती वापराला फुकट आहे. मी त्यावरच शिकले. स्केच काढा, फ्लॅंज (वाकवलेली कड) ओढा, फ्लॅट पॅटर्न (वाकवण्याआधीचा सपाट आकार) तयार. आणि तीन बटणांचा चांगला माउस घ्या, टचपॅडवर कॅड शिकणं म्हणजे छळ आहे.

मिलीमीटर
ठिणगीताई, ते फुकट लायसन्स धंद्यासाठी नाही. एका वेळी दहाच फाइल्स एडिट करता येतात, आणि इंटरनेटशिवाय फार दिवस चालवता येत नाही. ऑनशेपच्या फुकट प्लॅनमध्ये फाइल्स सगळ्या जगाला दिसतात, आणि तोही धंद्यासाठी नाही. यांना पैसे घेऊन काम करायचंय, म्हणजे दोन्ही बाद.

फ्रीकॅड शिका. नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आवृत्ती आली. आधी जुन्या स्केचमध्ये एक रेघ हलवली की पुढचे फीचर्स भलत्याच कडेला जाऊन चिकटायचे, तो त्रास आता बराच कमी झालाय. शीटमेटल वर्कबेंच (पत्र्याच्या कामाची जोड-साधनं) अ‍ॅडऑन मॅनेजरमधून एकदा घ्यावं लागतं, मग सगळं ऑफलाइन.

फुल_पेनेट्रेशन
फ्रीकॅडवर कुठलाही मोठा कारखाना चालत नाही.

मिलीमीटर
त्यांना कारखाना चालवायचा नाहीये, ब्रॅकेट करायचाय.

पुठ्ठाप्रेमी
एका ब्रॅकेटसाठी एवढी चर्चा? पुठ्ठ्याचा साचा कापा, मशीनवर लावून बघा, भोकांच्या जागी पेन्सिल फिरवा. माझे सगळे गार्ड आणि कव्हर असेच झालेत. आणि डिजिटल कॅलिपर घेऊ नका, ऐन कामात सेल संपतो. ०.०२ चा साधा व्हर्निअर आयुष्यभर पुरतो.

ठिणगी
डिजिटलला मधेच झीरो करता येतं काका, तो फायदा व्हर्निअरला नाही.

पुठ्ठाप्रेमी
वजाबाकी येत असेल तर झीरो कशाला लागतो?

जुना_फिटर
सॉफ्टवेअर नंतर ठरवा, आधी मोजायचं काय ते ठरवा. तुटलेल्या ब्रॅकेटची भोकं लंबगोल झालेली असणार आणि तडकल्यावर कोनही उघडलेला असणार. त्याचीच मापं घेतलीत तर झीज जशीच्या तशी नव्या भागात उतरेल. ब्रॅकेट जिथे बसतो तिथली मापं घ्या: मोटरचे पाय आणि फ्रेमवरची भोकं. दोन सारख्या भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा, त्यातून एक व्यास वजा करा, सेंटर अंतर मिळेल. एम१० बोल्टला ११ चं भोक ठेवा. पट्टा ताणायचा असेल तर मोटरकडच्या बाजूला स्लॉट द्या.

मग तो बेंडवरच का फाटला ते बघा. आतला कोपरा टोकदार असेल तर थरथरीने तिथूनच चीर सुरू होते. आतली त्रिज्या निदान जाडीइतकी ठेवा. बेंडची रेघ रोलिंगच्या दिशेला समांतर आली तर पत्रा लवकर चिरतो, म्हणून लेझरवाल्याला ड्रॉइंगवरच लिहून द्या की बेंड रोलिंगला आडवा हवा. फ्लॅंज कडेपर्यंत जात नसेल तिथे रिलीफची खाच (बेंडच्या टोकाला पत्रा फाटू नये म्हणून कापलेली फट) द्या. जुन्या ब्रॅकेटला ती नव्हती का, हेही बघा.

मिलीमीटर
+१. आणि के फॅक्टर (वाकवताना पत्रा किती ताणतो याच्या हिशोबाचा आकडा) वाकवणाऱ्यालाच विचारा. एकदा मी बेंडचा हिशोब करून फ्लॅट माप पाठवलं, समोरच्याने ते बाहेरचं माप समजून पुन्हा वजावट केली. सगळा लॉट आखूड. तेव्हापासून ड्रॉइंगवर ‘फ्लॅट माप, वजावट करू नये’ असं ठळक लिहितो.

जुना_फिटर
के फॅक्टरपेक्षा पट्टी बरी. त्याच पत्र्याची १०० मिमी लांब पट्टी त्याच डायवर (वाकवायच्या साच्यावर) मधोमध ९० अंशात वाकवून घ्या. दोन्ही पायांची बाहेरची मापं मिळवा. बेरीज १०५.५ आली तर दर बेंडला ५.५ वजा करायचे. जाडी किंवा डाय बदलली की नवी पट्टी.

ठिणगी
म्हणजे हे सगळं फ्यूजनमध्ये के फॅक्टर टाकून आपोआप होतं, तेच मी सांगत होते.

नवा_सभासद
फ्रीकॅड चांगलं आहे, फुकट आहे.

फुल_पेनेट्रेशन
पुढे थ्रीडी लागेलच. आत्ता सॉलिडवर्क्स शिकलात तर नोकरीतही उपयोग होईल.

हिरवा_गॉगल
सगळ्यांचे मनापासून आभार. फ्रीकॅड चालवून पाहिलं. लॅपटॉपवर चालतं, पण पॅड, पॉकेट, प्लेन हे सगळं शिकण्यात महिने जातील आणि लेझरवाल्याला हवी फक्त डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल). त्यामुळे लिब्रेकॅड घेतोय. टूडी, हलकं, धंद्यालाही चालतं. बेंडचा हिशोब पट्टीवरून हाताने करीन.

मोटरच्या पायांची मापं घेतली. जुन्या ब्रॅकेटच्या दोन भोकांमध्ये आणि मोटरच्या पायांमध्ये दीड मिमीचा फरक निघाला. फिटरकाका म्हणत होते ते तंतोतंत खरं.

मिलीमीटर
टूडीत दोन बेंडांपर्यंत निभेल, बॉक्स आला की अडकाल. माझं मत अजून फ्रीकॅडच. पण लिब्रेकॅडच घेणार असाल तर चार गोष्टी सांभाळा. युनिट मिलिमीटर ठेवा आणि १:१ मध्ये काढा. स्प्लाइन (मुक्त वळणाची रेघ) टाळा, रेघा आणि आर्क वापरा. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेघा पुसा, नाहीतर लेझर तीच कड दोनदा कापतो. बेंडच्या रेघा वेगळ्या लेयरवर ठेवा आणि त्या कापायच्या नाहीत हे लिहून द्या.

पुठ्ठाप्रेमी
लेझरला पाठवण्याआधी ते ड्रॉइंग १:१ छापा, पुठ्ठ्यावर चिकटवून कापा आणि मशीनवर लावून बघा. बोल्ट घालून बघा.

हिरवा_गॉगल
हे नक्की करतो काका. छापल्यावर एक बाजू पट्टीने मोजून घेईन, प्रिंटर पान बसवायला माप लहान करतो. रिलीफची खाच ३ मिमी पत्र्याला किती रुंद ठेवू?

जुना_फिटर
रुंदी निदान जाडीइतकी, आणि खोली बेंडच्या त्रिज्येच्या पलीकडे जाईल इतकी. खाचेचं आतलं टोक गोल ठेवा.